अकरा जोड आणि एक

ताळगावच्या हॉलमध्ये पंखे नाहीत,
यंत्रातून येणारी थंडी आहे,
आणि प्लगचे पैसे वेगळे.
तीन दिवसांचं भाडं अठरा हजार.
आरसा हवा तर रोजचे पाचशे.
मी घरूनच आणला,
बाबांच्या दुकानातला, एका कोपऱ्यात पारा उडालेला,
फोंड्याहून कदंबाच्या बसमध्ये, मांडीवर,
चादरीत गुंडाळून,
ताप आलेल्या पोरासारखा.

गळ्यातल्या बिल्ल्यावर माझं नाव
स्वरूप रायकर असं छापलंय. काना राहिला.
दोघांनी विचारलं, ते कुठे गेलेत?
जेवायला, मी म्हटलं.

शेजारी ज्योव्हिता कुलासो, कुडतरीची.
कुणबी लुगड्याच्या तांबड्या चौकडीतून
कोट शिवते आणि खिसे कोपरापर्यंत खोल ठेवते.
तिच्याकडे आरसा नाही.
तेव्हा तिचं गिऱ्हाईक कोट चढवतं
आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभं राहतं,
डावी बाजू, उजवी बाजू, पाठ,
मग खिशात हात घालून
सहज खाली पाहतं.
खाली माझी कुडी मांडलेली.

लोटलीला एका घराची खिडकी
सुताराने भंगारात काढली,
शिंपल्यांची तावदानं, नखाएवढी जाड, दुधाळ.
मी पोतं भरून आणली.
करवतीने कापताना दहातली चार फुटतात,
उरलेल्यांना चांदीची कड.
बाबांनी एक उचलून उजेडात धरली,
कसोटीच्या दगडाकडे हात गेला आणि मागे आला.
"हातूंत भांगर खंय गो?"
पण झाळ त्यांनीच दिली,
फुंकणीवर गाल फुगवून,
कारण माझी झाळ, म्हणे, ओघळते.

दुसऱ्या दिवशी दिल्लीचे एक खरेदीदार.
न इस्त्री केलेला महाग सदरा.
"हीच, हुबेहूब हीच, दोनशे जोड,
नाताळच्या आधी?"
मी खिडकीचं सांगितलं. ती एकच होती.
"बरं, शंभर?"
बारा.
"बारा डझन?"
बारा.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, तेवढा आवाज झाला.
ज्योव्हिता पलीकडून टाचण्या तोंडात धरून म्हणाली,
चोवीस तरी म्हणायचं होतं!
आणि रात्री बसमध्ये
मी खरंच बोटांवर हिशेब केला,
चोवीस, अठ्ठेचाळीस,
अंगठ्यावरची पट्टी सोडून.

तिसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला ती आली.
करड्या केसांची, पायात रबरी सपाता,
बहुतेक कुणाला तरी शोधत होती.
एक कुडं डाव्या कानात घातलं
आणि आरशात बघत राहिली,
पारा उडालेल्या त्या कोपऱ्यात,
जिथे माणूस अर्धाच दिसतो.
दुसरं घालणार तेवढ्यात फोन वाजला.
"कितें? केन्ना? हांव येतां."
आणि ती गेली. पळत नव्हती, पण जवळजवळ.
मी हाक मारायला तोंड उघडलं.
नाव माहीत नव्हतं,
आणि अहो म्हटलं असतं तर
सगळा हॉल वळला असता.

आठ वाजता दिवे निम्मे केले.
ज्योव्हिताचा एक कोट उरला होता, लहान मापाचा.
तिने तो माझ्या अंगावर टाकला, मी तिला एक जोड दिला,
बिल कुणीच केलं नाही.
वहीत लिहिलं: अकरा जोड आणि एक.
त्यापुढे रक्कम लिहायची ती जागा
कोरीच ठेवली.

शेवटच्या बसमध्ये आरसा पुन्हा मांडीवर.
उरलेलं एक मी कानात घातलं, उजव्या,
हरवू नये म्हणून, एवढंच.
बस बाणस्तारीच्या पुलावर आली तेव्हा हात खिशात होते,
कोपरापर्यंत,
आणि मला वाटत होतं, या घटकेला कुठेतरी
कुणीतरी फोन ठेवून
डाव्या कानाला हात लावला असेल.

बाबा दारात उभे.
आधी आरशाकडे पाहिलं, फुटला नाही.
मग माझ्या कानाकडे.
"दुसरें खंय?"
गेलं, म्हटलं,
पण झाळ पक्की आहे.